राजहंसगडाची वाट कोणी राखायची?

गडवाट

परवा इथं बेळगावजवळच्या राजहंसगडाबद्दल ‘करदाता_टिळकवाडी’ यांनी लिहिलं होतं, “राजहंसगड महापालिकेच्या हद्दीत येत नाही. हौसेनं डोंगर चढणाऱ्यांच्या पायवाटेवर माझ्या घरपट्टीतला एक रुपयाही जाता कामा नये. चढायचं त्यानं स्वतःच्या जबाबदारीवर चढावं. गड बघायला गावची पंचायत आहे.” खाली “बरोबर आहे”, “हेच म्हणायचं होतं” अशी रांग लागलेली बघितली आणि राहवलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

रविवारी सकाळी सहाला येळ्ळूर रोडवर उभं राहून बघा. गडाकडं जाणाऱ्या दुचाक्या, सायकली, पळणारी पोरं कुठून येतात? शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी. गावातली माणसं त्या वेळी शेतात असतात नाहीतर दूध घालायला निघालेली असतात. गड गावाचा असेल, गर्दी शहराची आहे. त्या गर्दीनं जे बिघडतं ते कुणाच्या खात्यावर टाकायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

वरपर्यंत सडक आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण चालणारा सडकेनं जात नाही, वळणं तोडून सरळ चढतो. एकानं तोडलं की मागचे सगळे तिथूनच. पाऊस पडला की त्या रेघेचा ओघळ होतो. ओघळात पाय घसरतो म्हणून लोक कडेच्या गवतातून चालतात, मग ते गवतही जातं आणि वाट आणखी पसरते. त्यात आता गाडी घेऊन चढायची शर्यत. मागच्या पावसाळ्यानंतर काही ठिकाणी नुसते सुटे दगड राहिलेत. उतरताना म्हाताऱ्या माणसाला हात धरून आणावं लागतं.

आता हद्दीचं. आपण पाणी पितो ते राकसकोपच्या आणि हिडकलच्या धरणाचं. दोन्ही हद्दीबाहेर. आपला कचरा जातो तुरमुरीला, तेही हद्दीबाहेर. म्हणजे शहराला गरज लागली की हद्द ओलांडता येते, पैसा खर्च करता येतो, पाइप टाकता येतात. परतफेड करायची वेळ आली की मात्र हद्दीचा दगड दाखवायचा. हे मला पटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. महापालिकेनं दरवर्षी ठरावीक रक्कम गडाखालच्या पंचायतीला द्यावी, फक्त पायवाटेसाठी आणि कचऱ्यासाठी. काम गावातल्याच माणसांनी करावं. आणि रविवारी संध्याकाळी कचऱ्याची एक गाडी वर पाठवावी. यात कुणाच्या घरपट्टीचं दिवाळं निघत नाही.

करदाता_टिळकवाडी

माझं नाव घेऊन लिहिलंय तर उत्तर देतो.

पाणी आणि कचरा ही महापालिकेची बंधनकारक कामं आहेत. ती नाही केली तर शहर आजारी पडेल. डोंगर चढणं हा छंद आहे. एक कर्तव्य, दुसरी हौस, या दोन्हींना एका पंक्तीत बसवू नका.

दुसरं, “शहराची गर्दी” म्हणजे नक्की कोण? हिंडलगा, गणेशपूर, कंग्राळी, इथून येणारे लोक ग्रामपंचायतीला कर भरतात. कॅम्पातले कँटोन्मेंट बोर्डाला. त्या गर्दीतला महापालिकेला घरपट्टी देणारा माणूस वेगळा कसा काढणार? बिल मात्र ५८ वॉर्डांवर.

तिसरं, माझ्या गल्लीत गटारीवरची फरशी फुटून वर्ष झालं. माझी आई त्यात पडली, मनगट मोडलं. तक्रार कुठं कुठं दिली ते सांगत बसत नाही. दारातली चार पावलं जिला सुखानं टाकता येत नाहीत, तिच्या घरपट्टीतून डोंगरावरची वाट करायची म्हणता. मी गडाच्या विरोधात नाही. लहानपणी दिवाळीत आम्हीही अंगणात किल्ला केलाय. पण क्रम असतो.

वैजनाथवारी

हद्दीचाच विषय निघालाय तर एक विचारतो. हीच मंडळी पुढच्या रविवारी वैजनाथला आणि महिपालगडाला असतात. ते चंदगड तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. तिथली वाट पण बेळगावच्याच पायांनी झिजते. मग बेळगावच्या महापालिकेनं तिथल्या देवरवाडीच्या पंचायतीला पैसे पाठवायचे काय? गडवाट यांचा न्याय लावला तर पाठवायला पाहिजेत. आणि ते होणार नाही हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे न्यायच कुठंतरी कच्चा आहे.

गडवाट

@वैजनाथवारी, दोन राज्यांमध्ये पैसा हलवणं अवघड आहे म्हणून एकाच तालुक्यात हलवू नये, हे कुठलं तर्कशास्त्र? राजहंसगड बेळगाव तालुक्यात आहे. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. जे शक्य आहे ते आधी करा.

@करदाता, आईच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. पण ती फरशी न बसण्याचं कारण गड नाही. गडाच्या वाटेवर महापालिकेचा एक रुपया गेला नाही तरी फरशी बसलेली नाहीच ना?

गडाखालचा

तुमचं दोघांचं भांडण वाचालोय सकाळपासून. एक म्हणतो पैसे द्या, दुसरा म्हणतो देऊ नका. आम्हाला कोण विचारालाय काय?

आमचं शेत गडाच्या वाटेला लागून हाय. रविवारी आठ वाजता बघायला या. रस्ता अरुंद, म्हणून गाड्या बांधावर चढवतात. बांध म्हणजे काय फूटपाथ हाय? पावसाळ्यात बांध खचला की वाफ्यातलं पाणी खालच्या वाफ्यात, मग खालचा शेतकरी माझ्या दारात भांडायला. भात काढल्यावर आम्ही मसूर टाकतो. ओल हाय तोवर उगवण चांगली येते. त्या उगवणीवरनं पोरं फोटो काढायला चालत जातात. बिअरची बाटली फोडून टाकलेली माझ्या बायकोच्या पायात घुसली. टाके पडले, पंधरवडा घरात. त्याचं बिल कुठल्या वॉर्डाला पाठवू?

तुम्ही वाट चांगली केली की आणखी माणसं येणार. तेवढंच मला दिसतंय.

धावणारी

गडाखालचा दादा, तुमच्या घरी झालं ते वाचून लाज वाटली. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपात नियम आहे, गाड्या गावाच्या अलीकडं लावायच्या आणि तिथून पळत जायचं. सगळे पाळत नाहीत, हे कबूल.

मी हिंडलग्याची. म्हणजे करदात्यांच्या हिशोबात फुकटी. तरी म्हणते, माझ्याकडून पैसे घ्या. सिंहगडावर वनखातं आणि तिथली समिती गाड्यांकडून उपद्रव शुल्क घेते, दुचाकीला ५० आणि चारचाकीला १०० असं मी स्वतः भरलंय. पुण्याच्या गर्दीचा भार पुण्याच्या घरपट्टीवर टाकलेला नाही, येणाऱ्याच्या गाडीवर टाकलाय. इथं तसं करा. हद्दीचा वादच मिटतो.

करदाता_टिळकवाडी

@धावणारी, हे मात्र डोकं लावून लिहिलंय. वापरेल तो भरेल. मी पहिल्यापासून याच्याच जवळचं म्हणतोय.

@गडाखालचा, तुमच्या बांधावर गाडी चढवणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. पण रस्ता अरुंद आहे म्हणता, आणि रुंद करायला गेलं की तुम्हीच मंडळी आडवी येता. बायपासला काय झालं ते आपण बघितलंय. इतकी वर्षं कोर्ट, मोर्चे, स्टे. शहरातली अवजड वाहनं आजही आतून जातात.

गडाखालचा

बायपासचं नाव काढायला नको होतं तुम्ही.

हलगा-मच्छे बायपास कुठनं गेलाय माहीत हाय? हलगा, वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर, मजगाव, मच्छे, सगळं पिकाऊ शिवार. माळरान नव्हे. बासमती पिकणारी जमीन. बेळगाव बासमतीचा वास आठवतो म्हणून लग्नात मिरवता ना, तो वास ह्याच मातीतला. पोलीस बंदोबस्तात यंत्रं घातली. आमच्या भावकीतली म्हातारी यंत्रापुढं बसली, तिला उचलून बाजूला केली. तिला मी आजी म्हणतो. ती आडवी आली म्हणून तुमचा ट्रक गावातनं जातो, असं म्हणायचंय तुम्हाला?

आणि बळ्ळारी नाला? शहरातलं गटाराचं पाणी कुठं जातं? पाऊस जरा जोरात झाला की नाला फुगतो आणि आमचं भात पाण्याखाली. चार दिवस पाणी हलत नाही. रोप कुजतं, दुसऱ्यांदा लावणीला बी कुठनं आणायचं? गटार तुमचं, पूर आमचा. गाळ काढा म्हणून निवेदनं देऊन देऊन लेटरहेड संपली.

तुम्हाला गडाच्या वाटेचं पडलंय.

करदाता_टिळकवाडी

भावनेनं बोलू नका. बायपास कुणाच्या हौसेसाठी नाही. शाळेच्या पोरांच्या सायकलीवरनं ट्रक गेलेले मी बघितलेत.

गडाखालचा

मीबी बघितलेत. त्यातला एक पोरगा आमच्या गावातला होता. तुम्हाला वाटतं तुमचीच पोरं शाळेला जातात?

खासबागकर

बळ्ळारी नाल्याचं आम्हाला विचारा. आमच्याकडं विणकरांच्या घरात पाणी शिरलं की यंत्रमागाची मोटर जाते. नाला शेतकऱ्याला बुडवतो तसा विणकरालाही. अतिक्रमण कुणी केलं, भराव कुणी टाकला, हे विचारलं की सगळे गप्प. शेतजमिनी प्लॉट पाडून विकल्या त्या पण शेतकऱ्यांनीच. गुंठ्यावर. तेव्हा कुणी यंत्रापुढं बसलं नाही.

गडाखालचा

ज्यांनी विकल्या त्यांना बोला. मुलीच्या लग्नाला, औषधपाण्याला विकल्या. पाणी साठून तीन वर्षं पीक गेलं की चौथ्या वर्षी माणूस काय करणार? तुमच्या गल्लीत घर भाड्यानं घेऊन राहणार. तेच झालंय.

खासबागकर

हे खरं आहे, नाही म्हणत नाही. आमच्या शेजारी असंच एक कुटुंब आहे. पण सगळा दोष शहराचा, हे ऐकून घेणार नाही.

ओव्हरसियर_निवृत्त

बायपास आणि नाला यावर वेगळं लिहा, त्याला अंत नाही. मी मूळ विषयावर येतो. आयुष्यभर रस्त्याची कामं केली, त्यामुळं पायवाट म्हटलं की माझा हात शिवशिवतो.

गडवाट यांनी दुखणं बरोबर सांगितलंय, औषध सांगितलेलं नाही. नुसते पैसे दिले तर काय होईल ते मी आजच सांगतो. टेंडर निघेल आणि सिमेंटच्या पायऱ्या होतील. डोंगरउतारावर सिमेंटची पायरी हे सगळ्यात वाईट काम. तिच्यावरनं पाणी मुरत नाही, वेगानं कडेला येतं आणि कडेची माती खात खात पायरीच्या पोटात शिरतं. वरनं पायरी धड दिसते, खाली पोकळ. मग एक दिवस माणसासकट तुटते. आणि सिमेंट ओलं असताना शेवाळ धरलं की चप्पल टिकत नाही.

आपल्याकडं पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. उताराला सरळ धरून काढलेली वाट म्हणजे पाण्याला आयता पाट. म्हणून वाट उताराला तिरकी घ्यायची. चढ सौम्य ठेवायचा. वाटेचं अंग दरीच्या बाजूला किंचित कललेलं ठेवायचं, म्हणजे पाणी वाटेतनं वाहत न जाता वाट ओलांडून निघून जातं. चढ जिथं जास्त आहे तिथं थोड्या थोड्या अंतरावर तिरके आडवे चर, खालच्या अंगाला दगड उभे पुरलेले. पाण्याला वेग यायच्या आत त्याला वाटेबाहेर काढायचं, सगळी विद्या एवढीच.

तोडलेल्या वाटा बंद करणं हे निम्मं काम आहे. नुसती पाटी लावून कुणी थांबत नाही. तोंडाशी काटेरी फांद्या टाका, मोठे धोंडे आडवे लावा, ओघळात जागोजागी दगडांचे छोटे बांध घाला म्हणजे गाळ साठतो आणि गवत परत धरतं. खरी वाट सोपी असली की माणूस आपोआप तिच्यावरनं जातो.

आणि हे एकदा करून भागत नाही. वळीव यायच्या आधी चर साफ, पावसाळा सरला की पुन्हा एकदा. चार माणसं, काही दिवस, पहार, कुदळ, पाटी. खर्च थोडा आहे. पण दर वर्षी आहे. आपल्याकडं उद्घाटनाला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही. महापालिका असो की पंचायत, खरा प्रश्न तिथं आहे.

गडवाट

काका, हे वाचून वहीत उतरवून ठेवलं. सिमेंटच्या पायऱ्या नकोत, हे माझ्या मागणीत पहिल्या ओळीत घालतो. “दर वर्षी” हाच माझाही मुद्दा आहे. श्रमदानाला आम्ही पोरं जातो, पण श्रमदान फेब्रुवारीत होतं आणि वाट जुलैत वाहून जाते. नेमून दिलेलं माणूस पाहिजे, त्याला पगार पाहिजे.

माजी_पंचायत_सदस्य

पंचायतीवर सगळे टाकालेत म्हणून लिहितो. मी एक टर्म सदस्य होतो, याच भागात नाही, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला.

आमच्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला मिळणारा, निधी यायचा त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. उरलेल्यात गावातली गटार, अंगणवाडीची दुरुस्ती, स्मशानाची वाट. ग्रामसभेत उठून “डोंगरावरच्या पायवाटेला पैसे ठेवा” म्हणा, बायका तुम्हाला बसू देणार नाहीत. आणि त्यांचं बरोबर आहे, कारण त्या वाटेवरनं त्या जात नाहीत. जनावरं घेऊन जाणारा गुराखी जातो, त्याला चर नसला तरी चालतं.

त्यामुळं “पंचायत आहे की” हे करदात्यांचं वाक्य म्हणजे काम होणार नाही असंच सांगणं आहे.

करदाता_टिळकवाडी

तुमच्याच हिशोबात ६० टक्क्यांत स्वच्छता येते. म्हणजे गडावरचा कचरा त्यात बसतो. मग तो का उचलला जात नाही?

माजी_पंचायत_सदस्य

बसतो. मान्य. पण गावाच्या कचऱ्याच्या हिशोबानं गाडी आणि माणसं असतात. रविवारी शहर येऊन आठवड्याचा कचरा एका सकाळीत टाकून जातं. तो गावाच्या निधीतून उचला म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

सीमावासी

सगळे एवढे शहाणे लिहितात, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. महापालिकेला गडावर बोलवाल तर पहिलं काय येईल? पाटी. आणि पाटीवर काय येईल? २०२४ पासून दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं आहे. गडावर मराठी खाली, बारीक अक्षरात, किंवा नाहीच. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक काढला आणि नंतर घराघरात घुसून माणसं झोडपली, ते विसरलात काय? माझ्या मामाच्या पाठीवर वळ मी बघितलेत. त्याच गावच्या डोंगरावर तुम्ही सरकारी हात स्वतःहून घेऊन जाताय.

धावणारी

दादा, वाटेला चर खणायचे आहेत. यात पाटी कुठून आली?

सीमावासी

पाटी येतेच. तुम्ही पळायला येता, आम्ही राहायला आहोत.

मास्तर

सीमावासी, २०१४ चं दुःख माझंही आहे, माझे दोन विद्यार्थी त्यात होते. पण तुमच्या भीतीपायी वाट पडू द्यायची, हे मी मानणार नाही. सरकारी हात गडावर आधीच पोचलाय. मार्च २०२३ मध्ये महाराजांच्या एकाच पुतळ्याची चार दिवसांत दोनदा अनावरणं झाली, एकदा मुख्यमंत्र्यांच्या हस्ते आणि एकदा दुसऱ्या पक्षाची. नंतर महाराष्ट्र एकीकरण समितीनं दुग्धाभिषेक केला. तिन्ही वेळा गर्दी वर गेली. पायाखालच्या मातीबद्दल त्या तिन्ही गर्दीतलं कोणी बोललं नाही. मला याचा राग आहे, आणि हा राग तिन्ही बाजूंवर आहे.

पाटी हवीच असेल तर दोन्ही भाषांत मागा, हक्कानं मागा. १९८१ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या भाषेचा कायदा झाला, १५ टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे असं त्यात होतं. समिती इतकी वर्षं तेच मागते. मग वाटेच्या अर्जातही तेच मागू.

सीमावासी

कायदा आम्हाला शिकवू नका मास्तर. ते मागता मागता आमचे वडील गेले.

मास्तर

माझेही. म्हणून मागायचं सोडून द्यायचं नसतं.

सीमावासी

ठीक आहे. अर्ज मराठीत असेल तर सही करतो. कन्नडमध्ये असेल तर मला विचारू नका.

कॅम्पातली

कँटोन्मेंटची रहिवासी आहे, म्हणजे मीही फुकटीच. तरी बोलते. मागच्या पावसाळ्यात माझ्या नणंदेचा पाय गडावर मुरगळला. मुरगळला असं वाटलं, पण घोटा मोडला होता. सडक वरपर्यंत आहे पण आम्ही मधल्या वाटेवर. १०८ ला फोन केला, गाडी सडकेवर आली, पण तिथपर्यंत तिला आणायचं कसं? गुरं राखायला आलेल्या दोन मुलांनी घोंगडी पसरली, चार कोपरे धरून तिला आणली. एकानं स्वतःची छत्री तिच्यावर धरली आणि स्वतः भिजला. नाव विचारलं, तेही सांगितलं नाही, गुरं लांब गेली म्हणून पळाला.

गडाखालचा भाऊ, तुमच्या गावातली मुलं होती ती. आम्ही बाटल्या फोडतो आणि तुम्ही आम्हाला उचलून आणता. मला या धाग्यातलं सगळ्यात जास्त हे लागलंय. म्हणून पैसे महापालिकेचे असोत, कँटोन्मेंटचे असोत, शुल्काचे असोत, पण ते गावाच्या हातात गेले पाहिजेत आणि त्या मुलांना त्यातून रोजगार मिळाला पाहिजे, असं माझं मत आहे.

गडाखालचा

ताई, पोरं तेवढी करणारच. पडलेल्या माणसाला सोडून कोण जातंय?

पण शुल्काचं बोलालाय म्हणून विचारतो. नाका कोण बसवणार? ठेकेदार आला तर पहिल्या महिन्यात आमच्याच पाहुण्यांकडनं पैसे मागणार. गडावर सिद्धेश्वराचं देऊळ हाय. सोमवारी, श्रावणात आमच्या बायका जातात. देवाला जाताना पावती फाडायची काय?

धावणारी

देवाला जाणाऱ्याला आणि गावातल्या गाडीला शुल्क नाहीच. गाडीवर घ्यायचं, माणसावर नाही. चालत, सायकलनं येणाऱ्याला माफ. आणि ठेकेदार नको, गावातल्या स्त्रीशक्ती संघाकडं, म्हणजे बायकांच्या बचत गटाकडं द्या. त्या पावती फाडतील, त्याच वर जाताना पिशवीत दारूच्या बाटल्या आहेत का बघतील. पोलिसाला चुकवणारी पोरं गावातल्या काकूंना चुकवू शकत नाहीत, हे मी गॅरंटीनं सांगते.

करदाता_टिळकवाडी

संघाकडं असेल तर माझा पाठिंबा. लिहून देतो.

गडवाट

शुल्काला मीही हो म्हणतो, पण त्यानं महापालिका सुटत नाही. सांगतो का ते. शुल्क रविवारी आणि सुट्टीला मिळणार. पावसाळ्यात गर्दी कमी, तेव्हाच चर सांभाळायला माणूस पाहिजे. आणि चालत येणाऱ्याला माफ केलं तर वाट ज्याच्या पायानं झिजते त्याच्याकडूनच काही मिळणार नाही, मिळणार ते सडकेनं गाडीतून वर जाणाऱ्याकडून. ही तफावत कोण भरणार? ज्या शहरातून तो चालणारा आला ते शहर. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं तेव्हा पेढे वाटले. केंद्राचे ५०० कोटी, राज्याचे ५०० कोटी अशी ती योजना. त्या काळात फूटपाथ उकरले, बसवले, परत उकरले. माणसं चालावीत म्हणूनच होतं ना ते? मग तीच माणसं जिथं जाऊन चालतात तिथं द्यायला दोन मजुरांचा पगार नाही, हे मी मान्य करणार नाही.

करदाता_टिळकवाडी

स्मार्ट सिटीच्या फूटपाथवरनं माझ्या पोटात आधीच आग आहे, त्यात तेल नका ओतू. तो पैसा वाया गेला म्हणून आणखी एक खातं उघडा, हे मला पटत नाही. शुल्क कमी पडेल तेवढा कचऱ्याचा भाग महापालिकेनं उचलावा, कारण कचरा शहराचा आहे, हे मी माजी सदस्यांचं वाचून मान्य करतो. रविवारची गाडी पाठवा. पायवाट मात्र नाही. त्यासाठी शुल्क, आणि कमी पडलं तर चढणाऱ्यांनी वर्गणी काढावी.

वैजनाथवारी

आणि तो कचरा परत तुरमुरीलाच. वैजनाथला जाताना नाकाला रुमाल लावून आम्ही तिथूनच जातो. एका गावाच्या डोंगरावरचा उचलून दुसऱ्या गावाच्या उशाला. तुरमुरीतला कोणी इथं लिहीत नाही म्हणून मी लिहिलं.

ओव्हरसियर_निवृत्त

वर्गणीवर रस्ता चालत नाही हो करदाता. पहिल्या वर्षी जमते, दुसऱ्या वर्षी जमवणारा बदली होऊन जातो. दक्षिण कर्नाटकातल्या कुमार पर्वतावर जानेवारी २०२४ मध्ये गर्दी हाताबाहेर गेली, वनखात्यानं ट्रेकिंगच थांबवलं आणि नंतर ऑनलाइन नोंदणी आली. दूधसागरला रुळावरनं चालणाऱ्यांना जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. कुणीच जबाबदारी घेतली नाही की शेवटी बंदीवाला येतो, त्याला वाट सांभाळावी लागत नाही.

गडवाट

मग असं करू. अर्ज दोन ठिकाणी. गडाखालच्या पंचायतीच्या ग्रामसभेला: गाडीवर शुल्क, संघाकडं वसुली, सिमेंटच्या पायऱ्या नकोत. महापालिकेला: रविवारची कचऱ्याची गाडी आणि वाटेसाठी वार्षिक रक्कम. दुसऱ्यातल्या दुसऱ्या भागावर करदाता सही करणार नाहीत, तेवढं सोडून बाकीच्यावर करा. दोन्ही अर्ज मराठीत. मास्तर, मसुदा तुम्ही बघाल का?

मास्तर

बघतो. कन्नड प्रतही सोबत जोडावी असं माझं मत आहे, म्हणजे फाइल पुढं सरकते. सीमावासी रागावतील.

सीमावासी

रागावलोय. मराठी प्रत वर ठेवा.

गडाखालचा

ग्रामसभेला शहरातला कोणी येऊन भाषण करायचं नाही. आम्ही मांडतो. आणि पहिली ओळ वाटेची नव्हे, गाड्यांची घाला. गाड्या गावाच्या अलीकडं थांबणार, बांधावर चढली तर दंड, आणि दंडातला निम्मा त्या शेताच्या मालकाला. हे लिहिलं नसेल तर माझी सही नाही, माझ्या भावकीतली पण नाही.

करदाता_टिळकवाडी

त्या ओळीवर मी सगळ्यात आधी सही करतो. बायपासचं मात्र मी बोललेलं मागं घेत नाही.

गडाखालचा

नका घेऊ. मीबी घेत नाही. मसुदा झाला की पाठवा, मसुराची काढणी व्हायच्या आत.